येऊरला दिसलेला सोनेरी पाठीचा सुतार नेमका कोणता?

तुमच्या फोटोतला पक्षी पांढऱ्या मानेचा सुतार आहे, इंग्रजी पुस्तकांत ज्याला व्हाइट-नेप्ड वूडपेकर म्हणतात तो, आणि नर आहे. पक्षी ओळखणाऱ्या ॲपनं सांगितलेला ग्रेटर फ्लेमबॅक नाही, आणि तुमचे मित्र म्हणतात तो नेहमीचा सोनपाठी सुतारही नाही.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. जानेवारीत सकाळी येऊरच्या जंगलात, एका वाळलेल्या झाडावर सुतार पक्षी दिसला. लाल तुरा, सोनेरी पंख, चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा. तीन फोटो मिळाले, तीनही पाठीमागून किंवा बाजूनं. ॲपला दाखवले तर ग्रेटर फ्लेमबॅक, मित्राला दाखवले तर सोनपाठी. दोघांपैकी बरोबर कोण, आणि पुढच्या वेळी जागेवरच कसं ओळखायचं, असे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर वर दिलंच. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, पण तोच जास्त कामाचा आहे.

आधी तुमचा दुसरा फोटो नीट बघू. पक्ष्यानं मान थोडी डावीकडे वळवली आहे. लाल तुरा डोक्याच्या मागे जिथे संपतो, तिथून लगेच पांढरा रंग सुरू होतो आणि मानेवर थांबत नाही, तो दोन्ही खांद्यांच्या मधून पाठीवर खाली उतरतो आणि खाली निमुळता होतो. त्या पांढऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाड काळे पट्टे आहेत. हे पट्टे डोळ्यापासून निघून मानेच्या कडेनं खांद्यावर येतात. म्हणजे मागून बघताना काळ्या चौकटीत बसवलेला पांढरा 'व्ही' दिसतो. सोनेरी रंग त्याच्या बाहेर, पंखांवर आहे. आता तिसरा फोटो. त्यात उजवा पंख किंचित खाली पडलाय आणि शेपटीच्या मुळाशी एक काळा तुकडा दिसतोय. तो सावलीचा काळा नाही, कारण त्याच उजेडात पंखाच्या टोकाची पिसं नीट वेगवेगळी दिसताहेत. पाठीवर पांढरा 'व्ही' आणि शेपटीच्या मुळाशी काळा रंग, हे दोन्ही एकत्र असलेला आपल्याकडे एकच सुतार आहे.

सगळा घोळ 'सोनेरी पाठ' या खुणेमुळे होतो. सोनेरी पाठीचे सुतार पश्चिम घाटात चार आहेत, त्यामुळे पाठ सोनेरी आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. शिवाय हा रंग उजेडाप्रमाणे बदलतो. दाट सावलीत तो हिरवट दिसतो, सकाळच्या तिरप्या उन्हात केशरी होतो, आणि मोबाइलचा कॅमेरा स्वतःच्या मनानं रंग भडक करतो ते वेगळंच. लाल तुऱ्याचंही तेच. चौघांच्याही नराला लाल तुरा असतो. तरी नवीन माणसाची नजर आधी याच दोन गोष्टींवर जाते, कारण त्या सुंदर आहेत.

मी शिकवताना दोनच प्रश्न विचारायला सांगते. मानेचा मागचा भाग काळा की पांढरा? आणि कंबर काळी की लाल? कंबर म्हणजे शेपटीच्या अगदी वर असलेला पाठीचा शेवटचा भाग, जो पंख मिटले की बराचसा झाकला जातो.

मान काळी, कंबर काळी: सोनपाठी सुतार. मान काळी, कंबर लाल: कॉमन फ्लेमबॅक. मान पांढरी, कंबर काळी: तुमचा पांढऱ्या मानेचा सुतार. मान पांढरी, कंबर लाल: ग्रेटर फ्लेमबॅक. चार पक्षी, दोन प्रश्न, आणि प्रत्येकाची जोडी वेगळी.

मान पहिली का? कारण सुतार खोडावर बसला की बहुतेक वेळ तुम्हाला पाठच दाखवतो. मागची मान ही जवळजवळ नेहमी दिसणारी जागा आहे. कंबर मात्र बसलेल्या पक्ष्यात अर्धवट दिसते किंवा दिसतच नाही. तिची संधी एकदाच मिळते, पक्षी उडाला की. तेव्हा पंख उघडतात आणि लाल असेल तर ती ठळक चमकते. म्हणून सुतार उडणार असं वाटलं की फोटोच्या नादी न लागता दुर्बीण डोळ्यांवर ठेवा आणि फक्त शेपटीच्या मुळाकडे बघा. कॅमेरा लावायचाच असेल तर सलग फोटो घेणाऱ्या मोडवर ठेवा. उडतानाचा धूसर फोटोसुद्धा कंबरेचा रंग सांगून जातो.

पक्षी समोरून किंवा बाजूनं दिसत असेल तर गळा बघायचा. सोनपाठी सुताराचा गळा काळा असतो आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके असतात. काळा गळा आणि काळी कंबर दोन्ही असलेला सोनेरी सुतार हा एवढाच. बाकी तिघांचा गळा पांढरा, त्यावर काळ्या रेघा. चोचीच्या मुळापासून खाली मानेकडे जाणारी काळी रेघ, जिला आम्ही मिशी म्हणतो, ती कॉमन फ्लेमबॅकमध्ये एकच आणि जाड असते. ग्रेटर फ्लेमबॅक आणि पांढऱ्या मानेचा सुतार या दोघांत ती दुभंगते, दोन बारीक रेघा होतात आणि मध्ये लांबट पांढरा भाग राहतो.

ॲप नेमकं इथे फसलं. तुमचा पहिला फोटो, जो तुम्ही ॲपला दिलात, तो बाजूचा आहे. त्यात दुभंगलेली मिशी स्वच्छ दिसते, पाठीवरचं पांढरं मात्र खोडाआड गेलंय. चेहऱ्यापुरता विचार केला तर हे दोन पक्षी खरोखरच सारखे आहेत, दोघे एकाच क्रायसोकोलॅप्टिस या प्रजातीतले. जगभरातून ग्रेटर फ्लेमबॅकचे फोटो ढिगानं उपलब्ध आहेत, कारण तो हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलाय. पांढऱ्या मानेचा सुतार मुख्यतः भारत आणि श्रीलंकेतला, तोही विरळ. ॲपनं काय सुचवलं ते जरूर बघा, पण एकाच पक्ष्याचे वेगवेगळ्या बाजूंचे फोटो देऊन बघा आणि उत्तरं जुळतात का ते तपासा. तुमचा दुसरा फोटो देऊन पाहा, बहुधा ॲपचं उत्तर बदलेल.

तुमच्या मित्रांचा अंदाज मात्र समजण्यासारखा आहे. महाराष्ट्रात कुठेही सोनेरी सुतार दिसला तर तो सोनपाठी असण्याची शक्यता सर्वांत जास्त. हा पक्षी जंगलात आहे, आमराईत आहे, कोकणातल्या माडांवर आहे, आणि पुण्या-मुंबईच्या जुन्या बागांतल्या, कॉलेजांच्या आवारातल्या मोठ्या झाडांवरही आहे. २६ ते २९ सेंटीमीटरचा, धीट आणि बोलका. उडता उडता 'कि-कि-कि-कि' असं मोठ्यानं, चढत्या लयीत हसत जातो, आणि बऱ्याचदा तो दिसण्याआधी ऐकू येतो. याची मादी चटकन ओळखता येते: कपाळ आणि डोक्याचा पुढचा भाग काळा, त्यावर पांढरे ठिपके, आणि फक्त मागचा तुरा लाल. नराचं पूर्ण डोकं लाल. दक्षिणेकडे याच पक्ष्याची एक उपजात आहे, तिचं नाव तेहमीनी. डॉ. सालिम अलींच्या पत्नी तेहमिना यांच्यावरून ते ठेवलं गेलं. तिची पाठ सोनेरीपेक्षा हिरवट जास्त असते आणि गळ्यावरचे ठिपके अगदी बारीक. केरळात फिरायला गेलात आणि 'आपला सोनपाठी असा मळकट का दिसतो' असं वाटलं, तर त्याचं कारण हे आहे.

मादीवरून ओळख पटवणं खरं तर नरापेक्षा सोपं, पण लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पांढऱ्या मानेच्या सुताराच्या मादीचा तुरा चक्क पिवळा असतो. सोनेरी पाठ, पांढरी मान आणि पिवळा तुरा असा पक्षी दिसला की पुढे काही तपासायची गरजच नाही, आपल्याकडे दुसऱ्या कुठल्याही सोनेरी सुताराच्या मादीला असा तुरा नाही. ग्रेटर फ्लेमबॅकच्या मादीचं डोकं काळं आणि त्यावर गोल पांढरे ठिपके. कॉमन फ्लेमबॅकच्या मादीचंही डोकं काळं, पण त्यावर ठिपक्यांऐवजी पांढऱ्या बारीक रेघा. म्हणून नर दिसला तर लगेच पुढे जाऊ नका. सुतार बरेचदा जोडीनं फिरतात, दुसरा जोडीदार त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर सापडतो. शंका असेल तर मादी ती मिटवते.

ग्रेटर फ्लेमबॅकबद्दल थोडं अधिक, कारण सह्याद्रीत तो तुम्हाला भेटणारच. काही याद्यांमध्ये पश्चिम घाटातला हा पक्षी आता मलबार फ्लेमबॅक या नावानं वेगळी जात म्हणून दाखवतात. नाव कुठलंही वापरा, पक्षी तोच. ३३ सेंटीमीटरच्या आसपासचा, सोनपाठीपेक्षा स्पष्ट मोठा, चोच लांब आणि भक्कम, डोळा फिकट. सोनपाठीचा डोळा गडद. जवळून पाहिलं तर डोळ्याचा हा फरक फार उपयोगी पडतो. आवाज धारदार, धातूवर आपटल्यासारखा, एकाच पट्टीत भराभर. ताम्हिणी, फणसाड, आंबोली अशा, पाऊस जास्त आणि झाडं उंच असलेल्या जंगलात हा शोधा. पांढऱ्या मानेचा सुतार त्यापेक्षा कोरड्या, पानगळीच्या, जरा मोकळ्या रानात जास्त रमतो: साग, ऐन, पळस आहेत अशा ठिकाणी. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग, तिथलं रान याच प्रकारचं, आणि तिथे हा पक्षी पूर्वीपासून नोंदला गेलाय. म्हणजे तुमची नोंद जागेच्या हिशेबानंही बसते. पण जागेला पहिला पुरावा कधीच करू नका. आधी पक्ष्याच्या अंगावरच्या खुणा, मग जागा.

कॉमन फ्लेमबॅक मुख्यतः कर्नाटक-केरळच्या पश्चिम घाटातला. त्याच्या पायाला तीनच बोटं असतात, ही पुस्तकातली प्रसिद्ध खूण, पण शेवाळलेल्या खोडावर चाळीस फुटांवरून बोटं मोजता येतील अशी आशा ठेवू नका. महाराष्ट्रात हा पाहिल्याची नोंद करायची असेल तर काळी मान, लाल कंबर आणि जाड एकेरी मिशी तिन्ही फोटोत हवीत.

येऊरला परत जाल तेव्हा आणखी तीन सुतार डोक्यात ठेवून जा.

तांबूस सुतार पूर्ण तपकिरी-तांबडा, अंगावर काळे आडवे पट्टे, साधारण मैनेएवढा. त्याला सोनेरी नाही, पांढरं नाही, त्यामुळे दिसला तर ओळखायला अवघड नाही. अवघड आहे ते दिसणं. हा बहुतेक मुंग्यांच्या मागे असतो. क्रेमॅटोगॅस्टर नावाच्या मुंग्या झाडाच्या फांदीवर काळपट-तपकिरी, कागदाच्या लगद्याचा गोळा वाटावा असं घरटं बांधतात. तांबड्या मुंग्या पानं शिवून करतात ते हिरवं घरटं वेगळं, त्याच्याशी गल्लत करू नका. तांबूस सुतार त्या काळपट घरट्यावर बसून मुंग्या खातो, आणि विणीच्या काळात त्याच घरट्यात, मुंग्या नांदत असताना, स्वतःसाठी पोकळी कोरून अंडी घालतो. मुंग्या अंड्यांना आणि पिलांना का सोडतात, हे बघणाऱ्याला कोडंच वाटतं. म्हणून रानात असा गोळा दिसला तर त्याला नीट न्याहाळा: एका बाजूला गोल भोक आहे का? असेल तर लांब जाऊन थांबा. याचं खोडावरचं वाजवणंही एकदा ऐकलं की विसरत नाही. सुरुवातीला भरभर ठोके, मग ते रेंगाळत, अंतर वाढत जातं आणि थांबतं. पेट्रोल संपलेली मोटारसायकल बंद पडताना करते तसा. बाकीच्या सुतारांचा ठोका सहसा असा मंदावत नाही, त्यामुळे पक्षी न दिसताही हा ओळखता येतो. नराच्या डोळ्याखाली लाल डाग असतो, पण तांबड्या अंगावर तो चटकन दिसत नाही.

दुसरा हृदयांकित सुतार, हार्ट-स्पॉटेड. जेमतेम १६ सेंटीमीटर. एवढुसं अंग, आखूड शेपूट आणि त्या मानानं मोठा टोकदार तुरा, त्यामुळे आकृतीवरूनच हा ओळखू येतो. काळा आणि मळकट पांढरा, पंखांवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके. लाल रंग कुठेच नाही. मादीचं कपाळ पांढरं, नराचं काळं. झाडाच्या शेंड्याला, बारीक फांद्यांवर, सतत हलत असतो. 'कि-यू' असा नाकातून काढल्यासारखा आवाज आला की मान वर करा. कर्नाळा, फणसाड, येऊर या तिन्ही ठिकाणी तो आहे. खूप लोक कर्नाळ्याला फक्त याच्यासाठी जातात, आणि मला ते अगदी पटतं.

तिसरा तपकिरी डोक्याचा छोटा सुतार. १३ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान. वरून तपकिरी, पाठीवर पांढरे पट्टे, डोळा फिकट. नराच्या डोळ्यामागे एक बारीक लाल रेघ असते, ती दिसली तर नशीब. एवढा लहान पक्षी सुतार असेल असं पहिल्यांदा वाटतच नाही, म्हणून याच्याकडे दुर्लक्ष होतं.

याचा गोंधळ होतो तो मराठा सुताराशी, आणि हा गोंधळ घाटाच्या पूर्वेला, पुणे, सासवड, सुपे, नगरकडच्या बाभळीच्या माळांवर जास्त. मराठा सुतार १८ सेंटीमीटरचा, काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर, नराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लाल. पोटाच्या मध्यावर लालसर डाग असतो, ज्याकडे कुणी बघत नाही, पण खालून दिसला तर तेवढी एक खूण पुरते. हा आपला अस्सल माळरानाचा पक्षी. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन लॅथम यांनी १८०१ मध्ये त्याला मराठ्यांच्या मुलुखावरून शास्त्रीय नाव दिलं, आणि त्यातला मराठ्यांवरून आलेला भाग आजही तोच आहे. दाट जंगलात याला शोधू नका. विरळ झाडी, बाभूळ, बोर, शेताच्या बांधावरचं जुनं झाड, अशाच ठिकाणी तो खोडाला चिकटून गप्प काम करत असतो.

हिरवे सुतार दोन. रेघाळ गळ्याचा सुतार, म्हणजे स्ट्रीक-थ्रोटेड, ३० सेंटीमीटरचा, वरून हिरवट, पोटावर खवले खवले, कंबरेवर पिवळसर झाक. हा बऱ्याचदा जमिनीवर मुंग्या खाताना दिसतो. रानवाटेवरून एखादा मोठा हिरवा पक्षी उडून खोडाला उभा चिकटला, तर हाच. दुसरा लेसर येलोनेप, मानेमागे पिवळा तुरा, पोट गडद हिरवट. हा दमट जंगलात, इतर छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्याबरोबर फिरतो, आणि त्याचा लांबवलेला, खाली उतरणारा 'पी-ऊ' हा आवाज उदास वाटतो. पिवळा तुरा पाहून कुणी याला पांढऱ्या मानेच्या सुताराची मादी समजू नये. तिची पाठ पांढरी-सोनेरी, याचं सगळं अंग हिरवं.

आणि महाराष्ट्रातला सर्वांत मोठा, काळा सुतार, व्हाइट-बेलीड. ४८ सेंटीमीटर, कावळ्याहून मोठा, काळा, पांढरं पोट, लाल तुरा. हा दिसल्यावर तो कोणता हे विचारावं लागत नाही. सिंधुदुर्गात तिळारीकडच्या, मोठी जुनी झाडं शिल्लक असलेल्या जंगलात त्याची आशा धरावी. नराच्या गालावर लाल पट्टा असतो, मादीच्या नसतो.

मानमोडी हिवाळी पाहुणी, सुतारांच्याच कुळातली, पण खोडाला टेकायची कडक शेपूट तिला नसते आणि ती खोडही कोरत नाही. करड्या-तपकिरी नक्षीचा पक्षी माळावर मुंग्या वेचताना दिसला आणि मान सापासारखी वळवत असला, तर तो तीच.

सुतार आहे याचीच खात्री नसेल तर खोडावर तो कसा चालतो ते बघा. सुतार डोकं वर ठेवूनच खोडावर चढतो, आणि खाली यायचं झालं तर त्याच स्थितीत मागे सरकत उतरतो, शेपटीचा टेकू घेत. निळसर छोटा पक्षी डोकं खाली करून सरळ खोडावरून धावत उतरला तर तो नटहॅच. झाडाला भोक पाडणारा प्रत्येक पक्षी सुतार नसतो हेही लक्षात घ्या. तांबट आणि कुटूरगा हेसुद्धा मऊ, वाळलेल्या लाकडात ढोली कोरतात. ते हिरवे, जाड चोचीचे, आणि फांदीवर आडवे बसणारे.

आता जागेवर काय करायचं. सुतारानं तुम्हाला पाहिलं की तो खोडाच्या मागे सरकतो. त्याच्या मागून झाडाला प्रदक्षिणा घालायला जाल तर तोही फिरत राहील आणि शेवटी उडेल. आहात तिथेच थांबा आणि शेवटी दिसला त्याच्या जरा वर नजर ठेवा. तो बहुतेक वेळा वरच्या बाजूला परत डोकावतो. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, असेल तर सकाळच्या कमी उजेडात, झाडीत, तिच्याइतकी कामाची दुसरी नाही. जास्त मोठं करून दाखवणारी दुर्बीण हातात हलते आणि खोडावर सरकणारा पक्षी तिच्या चौकटीतून निसटतो.

हंगाम म्हणाल तर जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंतचे दिवस उत्तम. पानं गळलेली, खोडं उघडी, पक्षी जोडीनं, वाजवणं आणि हाका भरपूर. पळस, पांगारा, सावर फुलल्यावर सोनपाठी आणि मराठा सुतार फुलांवर मध पिताना दिसतात, त्यामुळे 'फुलावर बसलाय म्हणजे सुतार नसेल' असं ठरवू नका.

याच काळात त्यांची वीण असते, म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते. मोबाइलवर हाक वाजवून सुताराला जवळ बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो खाणंपिणं, घरटं सोडून त्याच्या मागे लागतो, आणि आपल्याला मात्र एक फोटो मिळतो. ढोली सापडली तर तिचा नेमका पत्ता कुठेही टाकू नका. आणि वाळलेलं झाड 'निरुपयोगी' म्हणून तोडलं जात असेल तर निदान चौकशी करा. सुतारानं कोरलेल्या ढोलीत पुढे पोपट, साळुंकी, पिंगळे राहतात. एक वठलेलं झाड गेलं की एवढ्या सगळ्यांची घरं जातात. रस्त्यावर पडेल अशा झाडाबद्दल मी बोलत नाही, पण जंगलाच्या आत उभ्या वठलेल्या झाडाला हात लावायचं कारण नसतं.

नोंद करताना तुमच्याकडे फोटो आहेत, त्यामुळे काम सोपं आहे. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, पांढऱ्या मानेचा सुतार म्हणूनच नोंदवा आणि दुसरा व तिसरा फोटो जोडा. पहिला जोडू नका, तो याच जातीचा असला तरी त्यातून जात सिद्ध होत नाही आणि तपासणाऱ्याचा गोंधळ वाढतो. शेऱ्यात 'मागची मान आणि पाठीचा वरचा भाग पांढरा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, कंबर काळी, मिशी दुभंगलेली' एवढं लिहा. ज्या वेळी मान आणि कंबर दोन्ही दिसत नाहीत, त्या वेळी जातीचं नाव घालू नका, फ्लेमबॅक एवढंच ठेवा. अशी नोंद कमी प्रतीची नसते. चुकीच्या नावानं केलेली नोंद मात्र वर्षानुवर्षं नकाशावर राहते आणि पुढच्या माणसाला फसवते.

तिसऱ्या फोटोची मूळ फाइल जपून ठेवा. तुम्ही पाठवलेली प्रत व्हॉट्सॲपवरून आली असावी, तिच्यात कंबरेजवळचे बारकावे दबले गेलेत. मूळ फोटो उजळ करून बघितलात तर काळ्या कंबरेची कड आणि पंखाचा सोनेरी रंग यांतली रेघ अगदी स्वच्छ दिसेल. ती दिसली की मित्रांना दाखवा, आणि त्याच झाडाजवळ पुन्हा जाणार असाल तर पिवळ्या तुऱ्याच्या मादीसाठी थोडा वेळ हाताशी ठेवून जा.